पुढची ओळ वाचा

माणूस गेला की त्याचे किस्से दारातल्या चपलांसारखे वाढत जातात. माझा थोरला भाऊ, दादा, जाऊन दोन महिने झाले. लोक त्याचे किस्से सांगून हसतात आणि माझं डोकं फिरतं. म्हणून आता मीच सांगतो.

डिंगोऱ्यात आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. रविवारी तिथंच आम्हा आठ-दहा ख्रिस्ती माणसांची प्रार्थना व्हायची. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, दादा शिकवायचा. पहिल्या तीन-चार शतकांतले ख्रिस्ती विचारवंत हे त्याचं वेड. मी सातवी नापास. म्हणालो, "एवढी जुनी माणसं कशाला उकरतोस?"

"जळालेली मोटार आली की आधी काय करतोस?"

"जुन्या कॉइलचे वेढे मोजतो."

"न मोजता तार भरली तर?"

"परत जळंल!"

"मग?"

*

एकदा दादानं सांगितलं, एका शब्दाच्या अर्थापायी त्या जुन्या विचारवंतांतले काही हद्दपार झाले.

प्रार्थनेला येणारे बबनकाका म्हणाले, "शब्दापायी? आमी बांधापायी भांडतो, ते बरं!"

सगळे हसले. दादाही हसला. "काका, बांध कुठं हाय ते कुणीतरी नीट बघाय नको?"

*

एका रविवारी बायबलातली जन्मापासून आंधळ्या माणसाची गोष्ट मी वाचत होतो. शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? मी तिथंच पुस्तक मिटलं. "आईबापाचंच असणार!"

दादा एवढा चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. "पुढची ओळ वाच."

वाचली. प्रभूचं उत्तर होतं, कुणाचंच नाही.

"या ओळीच्या अलीकडं थांबलास, तर एखाद्या आईचा जीव घेशील."

*

दादाच्या किडन्या गेल्या. पुण्याहून एक प्रचारक आले. खाटेशेजारी बसून म्हणाले, "पुस्तकं वाचून विश्वास पातळ झाला याचा. डायलिसिस सोड, विश्वास धर!"

मी पाना घेऊन उठलो.

"पाना ठेव," दादा म्हणाला. "पावण्यांना चहा दे."

दिला. साखर घातली नाही!

*

दादाच्या स्मरणसभेला तेच प्रचारक न बोलावता आले. तीच आंधळ्याची गोष्ट काढली. पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, एवढं वाचलं, पुस्तक मिटलं आणि आईकडं बघितलं. मग सगळ्यांनीच आईकडं बघितलं.

मी उभा राहिलो. "पुढची ओळ वाचा."

"खाली बस, पोरा."

"वाचा!"

बबनकाका उठले. "वाचा की राव! का पान फाटलंय?"

प्रचारकांनी पुस्तक उघडलं. ओळ कशीबशी पुटपुटले.

दाराशी बसलेल्या आईनं पदर सावरला.

"पावणं," ती म्हणाली, "मला ऐकू आलं न्हाई. परत वाचा."