नव्या जिल्ह्याचा एकुलता एक बिगुल

लातूर हा नवा जिल्हा झाला तेव्हा सरकारकडे त्याला द्यायला ना धड इमारत होती, ना पाणी. होते ते फक्त माझ्या आत्याचे यजमान आणि त्यांच्या काखेतला पितळी बिगुल. जुन्या जिल्ह्याने वाटणीत मोडक्या खुर्च्या दिल्या, ढकलस्टार्ट जीप दिली आणि बिगुलवाला म्हणून आमचे मामा दिले. यातले काहीही देताना जुन्या जिल्ह्याला हुंदका आल्याचे ऐकिवात नाही. पोलीस मुख्यालय एका आडत्याच्या गोदामात थाटले होते. दुष्काळामुळे माल नाही, माल नाही म्हणून गोदाम रिकामे, आणि गोदाम रिकामे म्हणून तुरीच्या वासात कायदा आणि सुव्यवस्था राहायला आली. मी तेव्हा कॉलेजसाठी आत्याकडे, त्या गोदामामागच्या गल्लीतच राहत होते.

मामा हुद्द्याने साधे शिपाई. गल्ली त्यांना मानाने हवालदार म्हणे, आणि मामा प्रत्येक वेळी थांबून, टाचा जुळवून दुरुस्ती करत, "हवालदार न्हाई, शिपाई. हवालदार व्हायचंय आजून." त्या 'व्हायचंय'मध्ये त्यांचा सगळा जीव असे. खरे तर पोलिसाला लागणारा एकही गुण त्यांच्यात नव्हता. आवाज बारीक, मिशी कशीबशी, आणि संशय तर त्यांना जन्मात कुणाचा आला नाही. एकदा औशाहून एका पाकीटमाराला एसटीने आणायला त्यांना धाडले. वाटेत मामांनाच बस लागली. त्या पाकीटमाराने त्यांची टोपी सांभाळली, कुणाकडून तरी लिंबू मागून आणले आणि मामांना दंडाला धरून ठाण्याच्या दारापर्यंत पोहोचवले. "मानूस लई चांगला हाय साहेब," मामांनी फौजदारांना सांगितले, "फकस्त पाकिटं मारतंय." शिवाय पांढरे कपडे दिसले की त्यांचा हात आपोआप कपाळाला जाई. आडते झाले, आचारी झाले, एकदा तर दोरीवर वाळणाऱ्या धोतरालाही त्यांनी कडक सलाम ठोकलेला मी पाहिला आहे. धोतराने तो घेतला असावा, कारण मामा समाधानाने पुढे गेले.

पण बिगुल तोंडाला लागला की हा माणूस वेगळाच होई. छाती पुढे येई, डोळे मिटत, आणि एवढ्याशा देहातून असा सूर निघे की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरे उडून जात. चिंचेने आणि राखेने तो बिगुल ते असा घासत की आत्याच्या पितळी भांड्यांना हेवा वाटावा. ओठ ओले नसतील तर सूर फाटतो, म्हणून घरातले एक फुलपात्र पाणी रोज बिगुलाच्या नावाने बाजूला असे. त्यावरून आत्या पेटे. "मानसाला प्यायला न्हाई अन् ह्यांच्या पिपाणीला पानी!" पिपाणी हा शब्द मामांना फार लागे. ते तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलत नसत, आणि आत्यालाही तेवढाच आराम मिळे.

त्या उन्हाळ्यात टँकर यायचा तेव्हा यायचा, आणि आला की गल्लीत झिंज्या धरून मारामाऱ्या होत. दुसऱ्या कुठल्याच कामाचे नाहीत म्हणून फौजदारांनी मामांना टँकरच्या बंदोबस्तावर लावले. पहिल्या दिवशी बायकांनी त्यांची काठी काढून घेतली आणि टँकरची अडकलेली तोटी त्याच काठीने ठोकून मोकळी केली. दुसऱ्या दिवशी मामा काठी घरी ठेवून बिगुल घेऊन गेले आणि सरळ 'फॉल-इन', म्हणजे ओळीत उभे राहण्याचा सूर, वाजवला. बायका दचकून गप्प झाल्या. तेवढ्यात मामांनी त्यांना तीन ओळींत उभे केले. आठवडाभरात आमची गल्ली कवायत शिकली. बिगुल वाजला की घागरी घेऊन तीन ओळी, 'दाहिने देख' म्हटले की घागरींसकट माना वळत, आणि सगळ्या घागरी भरल्यावरच विसर्जनाचा सूर वाजे. तो सूर ऐकल्याशिवाय कुणीही ओळ मोडायची नाही, आणि सगळ्यांच्या घागरी भरल्याशिवाय तो मी वाजवणार नाही, असा मामांनी गल्लीला शब्द दिला होता. भांडणे थांबली. एक म्हातारी तर न्हाणीतही सावधान उभी राहते, अशी तिच्या सुनेची तक्रार होती.

अशात मुंबईहून एक मंत्री यायचे ठरले. गोदामाशेजारच्या मैदानात सलामी. जिल्ह्याच्या नव्या पोलीस साहेबांनी मामांना बोलावून सांगितले, "बिगुल चोख वाजला तर तुझ्या हवालदाराच्या फितीचं बघतो." आत्याने त्याच दिवशी फीत शिवायला सुईत दोरा ओवून ठेवला. मैदानातली धूळ बसावी म्हणून सकाळपासून टँकरने सडा टाकला होता, आणि उरलेले पाणी घेऊन तो मांडवामागे उभा होता. मी स्वागतगीताच्या मुलींमध्ये, पावडर लावून, व्यासपीठाजवळ होते.

मंत्री आले. मामांनी डोळे मिटून जन्मात वाजवला नसेल असा 'फॉल-इन' वाजवला. डोळे उघडले तर पोलिसांच्या ओळींपुढे आमची अख्खी गल्ली घागरी घेऊन तीन ओळींत उभी! पोलिसांची ओळ थोडी वाकडी होती, बायकांची नव्हती. मंत्र्यांना वाटले, आपल्यासाठी मंगलकलश आणलेत. त्यांनी हात जोडले. साहेबांचा चेहरा मात्र लाल झाला. ते दात आवळून मामांना म्हणाले, "विसर्जन वाजव. घालव त्यांना."

मामांनी बिगुल वर नेला. रिकाम्या घागरींकडे पाहिले. बिगुल खाली घेतला.

"वाजंना साहेब. ओठ वाळलेत."

"मग पाणी पी!"

"पानी हाय की, टँकरात," मामा म्हणाले, "पर आदी ह्या बायांचं भरू द्या."

त्यांनी जन्मात पहिल्यांदा वरिष्ठाचा शब्द मोडला, आणि तोही सावधान उभे राहून. साहेब काही बोलायच्या आत मंत्र्यांनी फोटोवाला जवळ आहे हे पाहून घेतले, टँकर पुढे मागवला आणि स्वतः नळी धरली. धोतर भिजले, फोटो छान आला. घागरी भरल्या आणि मामांनी विसर्जन वाजवले.

फीत अर्थातच आली नाही. बिगुल जमा करून घेतला आणि मामांची रवानगी निलंग्यापलीकडच्या एका नाक्यावर झाली. तिथे आडवा बांबू वरखाली करत ते शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. मला त्याचा आजही राग येतो. मामा वारल्यावर एकदा मी आत्याला तसे म्हटले.

"त्या दिवशी टँकर शेवटाला सरला होता," ती म्हणाली. "मी एकलीच ऱ्हायले. कुनी नाव ठिवू नये म्हून हे मला रोज शेवटालाच हुबं करायचे. हे बिगुल हातात घिऊन माझ्याकडं बघून राहिले. साहेब मागं हुबा. म्या काय केलं, रिकामी घागर दोन्ही हातानं, जड असल्यावानी उचलली अन् डोईवर घेतली. तवा वाजिवलं त्यांनी."

"मग मामांना कळलंच नाही?"

"न कळाया काय झालं!" आत्या म्हणाली. "त्या दिवशी जेवताना पानी मागितलं न्हाई त्या मानसानं."