टाकीचं झाकण

आमचे साडू देवाला भीत नाहीत, बायकोला भीत नाहीत, अकोल्याच्या मे महिन्यालासुद्धा भीत नाहीत. ते भितात फक्त पाण्याला. तेही विहिरीतल्या किंवा पुराच्या नव्हे, पेट्रोलच्या टाकीत शिरू पाहणाऱ्या पाण्याला. जिथे उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याची माणसं वाट पाहतात, तिथे राहून हा गृहस्थ पाणी कुठून येईल या काळजीनं वाळला आहे. ढगातलं, हवेतलं, नालीतलं सगळं पाणी एकाच कटात सामील असून त्या कटाचं लक्ष्य आपली पांढरी म्हातारी गाडी आहे, अशी त्यांची खात्री आहे. मी अमरावतीचा, ते अकोल्याचे आणि आमच्या बायका सख्ख्या बहिणी. एवढ्या एका कारणावरून मी जन्मभर त्यांच्या शेजारच्या सीटवर बसत आलो आहे, आणि बसून बसून माझ्या संयमाचा मणका सरकला आहे. त्यांची एक गोष्ट आमच्या गोतावळ्यात फार प्रसिद्ध आहे. ती पसरवली मी. ती खरी नाही, आणि या वयात ती दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण त्याआधी हा माणूस किती छळतो ते सांगू द्या, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी एखाद्या संताचं चरित्र लिहायला बसलो आहे.

टाकीच्या झाकणाला कुलूप आहे आणि त्याची किल्ली साडूंच्या करदोड्याला बांधलेली असते. त्यामुळे पंपावर उतरल्याबरोबर ते आधी शर्ट वर करतात आणि पंपावरची माणसं तोंड फिरवतात. मग खिशातून औषधाची रिकामी बाटली निघते. तीत थोडं पेट्रोल घ्यायचं, ती उन्हाकडे धरायची आणि बुडाशी थर बसतो का हे बघत ध्यानस्थ उभं राहायचं. मागे रांग लागते, हॉर्न वाजतात. एकदा बडनेऱ्याजवळ मागचा मोटरसायकलवाला ओरडला, "ओ काका, पेट्रोल भरून राहिले का दारू चाखून राहिले?" साडूंनी बाटलीवरची नजर न काढता उत्तर दिलं, "दारूत पानी चालते बावा. पेट्रोलमधी नाही चालत." पंपावर टँकर खाली होत असेल तर तिथे भरायचं नाही, कारण जमिनीतल्या टाकीचा गाळ ढवळला जातो. पाऊस पडून गेला असेल तर भरायचं नाही. आणि आपली टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, कारण रिकाम्या जागेला आतून घाम फुटतो. या सगळ्या नियमांचं पालन करत आम्ही अकोटला एका लग्नाला गेलो होतो. वाटेत ज्या पंपावर थांबावं तिथे टँकर उभा. पोचलो तेव्हा अक्षता पडून जेवणं झाली होती आणि मांडववाला खुर्च्या रचत होता. आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी आलं. साडू मात्र शांत होते. म्हणाले, "लग्न दुसरं करता येते भाऊ, इंजिन नाही करता येत."

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून तर त्यांना नवी वाचा फुटली. कोणाच्या तेराव्याला गेलं तरी ते एखाद्याला बाजूला घेऊन समजावतात, "इथेनॉल पान्याले आपल्याकडं ओढते. मंग दोघं मिळून पेट्रोल सोडते अन् बुडाशी जाऊन बसते. जसे आमी दोघं साडू. लग्नात भेटलो का गेलो कोपऱ्यात." गाडी ते धूत नाहीत. कधीच नाही. कोरड्या फडक्यानं पुसतात. गाडीला पाण्याचा स्पर्श म्हणजे त्यांच्या लेखी विटाळ. गाडी घेतल्यापासून तिला त्यांनी आंघोळ घातलेली नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. माझ्या लक्षात राहिलं नाही, आणि घोटाळा तिथेच झाला.

आमची सासुरवाडी मोर्शीजवळच्या एका खेड्यात. सासूबाईंना आम्ही दोघेही मामी म्हणत असू. घरचे बैल विकून बरीच वर्षं झाली होती, संत्री आता भाड्याच्या गाडीतून जातात. पण पोळा कोणाचा तरी करायलाच हवा, म्हणून मामींनी तो साडूंच्या गाडीचा सुरू केला. आदल्या संध्याकाळी त्या बॉनेटवर हात ठेवून, बैलाला म्हणतात तसं, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये," म्हणत. साडू गाडीच्या वतीनं मान डोलवत. दुसऱ्या दिवशी चाकांवर पाणी, कुंकू, अक्षता आणि पुरणपोळीचा नैवेद्य. चाकांवरच्या पाण्यापुरते साडू डोळे मिटून घेत.

मामींचे डोळे अधू झाले होते. एकदा गॅस चालू राहिला, तेव्हा स्वयंपाकघर सुनेकडे गेलं. एकदा एका पाहुण्याच्या कपाळी कुंकवाऐवजी तिखट लागलं, तेव्हा देवघर गेलं. उरलं होतं ते फक्त पोळ्याचं ताट. मेहुण्यानं आमच्यासमोरच सांगून टाकलं होतं, "आता आनखी एक काही झालं ना आई, तं हे ताटही सूनबाईच्या हाती." मामी तशाच पदरानं ताट पुसत राहिल्या.

चार-पाच वर्षांपूर्वीचा तो पोळा. मोर्शीत पाऊस पडून गेलेला, तिथल्या पेट्रोलवर साडूंचा विश्वास नाही, म्हणून त्यांनी अकोल्याहून डबा भरून आणला होता. तो त्यांनी मलमलीतून गाळत, लेकराला दूध पाजावं तसा टाकीत ओतला. मामी शेजारी उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या. मग हाताला पेट्रोलचा वास येतो म्हणून साडू परसात हात धुवायला गेले. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. मामी ताट आणि तांब्या घेऊन गाडीभोवती फिरताहेत, एवढं मला दिसलं. साडू आले, झाकणाला कुलूप लावलं, जेवणं झाली आणि मामींना चार दिवस अमरावतीला नेण्यासाठी आम्ही निघालो. त्या पुढच्या सीटवर, मी मागे दोघी बहिणींच्या मध्ये.

कोसभरसुद्धा गेलो नसू. गाडीला ठसका लागला, दोन आचके दिले आणि ती थांबली. "काहून जवाईबापू, रुसली का?" मामींनी विचारलं. साडूंचा चेहरा पांढरा पडला होता. ते खाली उतरले, पोळ्याच्या नव्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरले आणि टाकीचा बुडाचा नट सैल करून बाटली धरली. आम्ही फोन केल्यावर मेहुणाही मोटरसायकलनं येऊन पोचला. साडूंनी बाटली उन्हाकडे धरली. मी वाकून पाहिलं. वर पेट्रोल, खाली पाण्याचा स्पष्ट थर आणि त्या थरात तांबूस कण. गंज असावा, मला वाटलं. ज्या शत्रूची या माणसानं जन्मभर पंपापंपावर वाट पाहिली, तो आज बाटलीत सापडला होता. आता हे नाचतील, त्याहीपेक्षा वाईट म्हणजे भाषण देतील, या भीतीनं मी सावलीत बसायला जागा शोधू लागलो.

साडूंनी बाटली मातीत रिकामी केली आणि त्या जागेवर चप्पल घासली.

"पानी कुठून आलं भाऊजी?" मेहुण्यानं विचारलं. "काय झालं, सांगा तं."

साडूंनी एकदा खिडकीकडे पाहिलं. "माह्या हातून झालं," ते म्हणाले. "काल गाडी धुतली. झाकन लावाचं राहून गेलं."

मेहुणा पोट धरून हसला. मी हसलो. दोघी बहिणी हसल्या. मामींनी मात्र खिडकीतून हात बाहेर काढून साडूंच्या खांद्यावर ठेवला. "चुकते मानसाच्या हातून, जवाईबापू. मनाले लावू नका."

टाकी पूर्ण रिकामी करून, मेहुण्यानं आणलेलं मोर्शीचं पेट्रोल घालून आम्ही निघालो, आणि मी अमरावतीला पोचायच्या आत गोष्ट तयार केली होती. पाण्याचा वैरी स्वतःच टाकीचं झाकण विसरला! बारसं, मुंज, लग्न, जिथे चार माणसं जमली तिथे मी ती सांगितली. साडूंना 'झाकण' हे नाव पडलं. ते दारातून आत आले की कोणीतरी विचारायचं, "लावलं का हो?" तेही हसायचे आणि म्हणायचे, "लावलं, लावलं." मग पंपावर पुन्हा तीच बाटली काढून मला उन्हात उभं करायचे. मला वाटायचं, निर्लज्ज आहे हा माणूस.

पुढच्या पोळ्याला मी ओट्यावर नव्हतो, गाडीपाशीच होतो. साडू टाकीच्या झाकणावर तळहात ठेवून उभे होते. मामी तांब्या घेऊन आल्या आणि एका हातानं गाडीची बाजू चाचपू लागल्या. "तोंड कुठी गेलं याचं? मांगच्या साली अठीच तं होतं. अठूनच पानी पाजलं, अक्षता टाकल्या." साडूंनी त्यांचा कोपर धरला आणि हलकेच पुढे नेलं. "यंदा त्यानं तोंड फिरवलं, मामी. हे पाहा, अठी हाय." मामींनी समोरच्या जाळीवर पाणी शिंपडलं. जाळीतून ते टिपटिप गळत राहिलं आणि त्या समाधानानं म्हणाल्या, "प्याला."

मला तेव्हा ते तांबूस कण आठवले. गंज कसला, कुंकवात भिजलेले तांदूळ होते ते. साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही अशी. मी गप्प राहिलो, ते ठीकच होतं. बोललो असतो तर ताट गेलं असतं. पण गप्प राहणं वेगळं आणि ती गोष्ट सांगत राहणं वेगळं. मी ती त्यानंतरही सांगितली. हशा सोडवत नव्हता.

मामी गेल्या हिवाळ्यात गेल्या. अखेरच्या पोळ्यापर्यंत ताट त्यांच्याच हाती होतं. आता कोणाचं काही जाणार नाही, म्हणून लिहितो: आमच्या साडूंनी ना गाडी धुतली, ना ते झाकण विसरले. ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ती गोष्ट ऐकली, त्यांनी ती परत करावी.

यंदा सूनबाईनं पूजा केली. नीट, समोरून, कुंकवाची बोटं मोजून. चाकांना पाणी लावायचं तिला कोणी सांगितलं नाही. साडू झाकणावर तळहात ठेवून तसेच उभे. मी म्हणालो, "आता कोणापासून राखता? उचला हात."

त्यांनी हात उचलला. कोरड्या फडक्यानं झाकण पुसलं, उगाचच. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदा याले कोनं पानीच नाही पाजलं, भाऊ."

मी आत जाऊन मामींचा तांब्या भरून आणला आणि पुढच्या चाकावर धार धरली. साडूंनी या वेळी डोळे मिटले नाहीत. पाणी मातीत जिरेपर्यंत बघत राहिले. मग मागच्या चाकाकडे वळलो, तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"बस, बस," ते म्हणाले. "झाकनाकडं उडन."