बिनचुन्याचं देऊळ

माझे यजमान कागद गिरणीत फिटर होते. आम्ही मूळचे वऱ्हाडातले, पण निवृत्तीनंतर गावी न जाता बुऱ्हाणपुरातच, सिंधीपुऱ्यात दोन खोल्या घेऊन राहिलो. तिथून धूलकोटच्या रस्त्यावर, एका खेड्याच्या शिवारात, केळीच्या बागेला लागून महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ होतं. यांना त्याचा नादच लागला. दर रविवारी आम्ही बसने जायचो. टेपचं एक टोक मी धरायची, दुसरं हे, आणि मापं हे वहीत उतरवायचे.

देऊळ हेमाडपंती. सांध्यांत चुना नाही, दगडाच्या खाचेत दगड बसवून सगळं उभं. मंडपाच्या छतात दगडांची गोल कडी वर वर लहान होत गेलेली. मूळ शिखर कधीतरी ढासळलेलं, त्या जागी कुणी विटांचं बांधलेलं. हे मला सगळं समजावून सांगायचे. मी हो हो म्हणायची, पण लक्ष परतीच्या बसकडे.

मग गावाने जीर्णोद्धार काढला. खांबांना ऑइल पेंट, खाली पांढऱ्या टाइल्स. अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळ त्यात बुजणार होती. हे गावच्या बैठकीत गेले आणि पाणी देवळाच्या पायात मुरेल, ती बुजवू नका, असं हात जोडून सांगू लागले. बागेचे मालक, एक वयस्कर शेतकरी, शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही बाहेरचे. देव आमचा आहे."

कुणी हसलं नाही, रागावलंही नाही. परतताना यांनी विचारलं, "तू का नाही काही बोललीस?" खरं तर मला टाइल्सची कल्पना आवडली होती. ते मी सांगितलं नाही.

पन्हळ बुजवल्यानंतर तिसऱ्या पावसाळ्यात मंडपाची एक बाजू खचली. कुणाच्या डोक्यावर पडायला नको म्हणून गावाने जेसीबी लावून मंडप उतरवला. आम्ही गेलो तेव्हा दगड बांधावर पडले होते. हे एकेका खाचेत बोट घालून पाहत राहिले. त्यानंतर रविवारी ते घरीच बसू लागले. त्याच हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली.

काही दिवसांनी तेच शेतकरी घरी आले. खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाले, "चुकलं आमचं, साहेब. दगड सगळे आहेत. तुमच्या मापांच्या वह्या द्या, होतं तसंच उभं करू."

यांनी नजरेनेच मला कपाट दाखवलं. वह्यांत आकडे होते, बाण होते, यांनी स्वतःच ठरवलेल्या खुणा होत्या. कुठली खूण कुठल्या खांबाची, असं शेतकऱ्यांनी विचारलं. यांच्या तोंडून नुसता आवाज आला. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी टेप धरली होती, पण एकदाही त्या वह्यांत डोकावले नव्हते.

"मला या खुणा नाही येत वाचता," मी म्हणाले.

दुपारभर हे डाव्या हाताने काही काढून दाखवायला बघत होते. पेन घसरत होता. शेवटी शेतकऱ्यांनी वह्या फडक्यात बांधून नेल्या. गावच्या मिस्त्रीलाही त्या उमगल्या नाहीत. महिन्याभराने त्या परत आल्या आणि सिमेंटच्या मंडपाचं काम सुरू झालं.

मंडपाच्या उद्घाटनाची पत्रिका यांच्या नावाने आली. मी ती यांना वाचून दाखवली नाही, कुणाला दिसू नये म्हणून गादीखाली सारली. पुढच्या पंधरवड्यात हे गेले.