खिशाखालचा लाल गोल

आमच्या शेजारच्या मामांना निर्दोष कापड उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं. नारपोलीच्या कारखान्यात लूमवरून उतरलेलं कापड तपासणं हीच त्यांची ड्युटी. कापड उजेडावर धरायचं आणि तुटका धागा दिसला की तेलकट लाल पेन्सिलीने त्याभोवती गोल करायचा.

मुलीच्या लग्नात भारीतला रेडिमेड सफारी घालायचं त्यांनी मनात आणलं. त्यासाठी सहा रविवार ते मला ठाण्याच्या एका दुकानात घेऊन गेले. दर वेळी तोच क्रीम रंगाचा सफारी चिमटीत धरायचे, किंमत वाचायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "भाऊ, ह्याच्यात कापड कमी, दुकानाचा एसी जास्त हाय."

सातव्या रविवारी मामींनी शपथ घातली, तेव्हा घेतला एकदाचा.

लग्नात बघतो तर सफारीच्या खिशाखाली लाल गोल.

"मामा, हे काय?"

"धागा तुटलाय. घरी आणून उजेडावर धरला, आन् हात आपोआप गेला."

"मग बदलून आणायचा ना!"

"गेलतो ना. दुकानदार बोलला, पेन्सिल लागलेला माल परत घेत न्हाय." मामांनी गोलावरून अंगठा फिरवला. "बरोबर हाय त्याचं. मीपण नसता घेतला."