बसता-उठता कॉम्प्युटर

मी एकदा कॉम्प्युटरला कूलरपुढे बसवलं होतं. चांगलं टेबलासकट ओढत नेऊन, अगदी त्याच्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांच्या वाऱ्यात. एवढ्यावर माझं शहाणपण थांबलं नाही. उन्हात जाताना आम्ही खिशात कांदा ठेवतो, तसा एक पांढरा कांदा त्याच्या डब्यावर ठेवला. त्याला ऊन लागू नये म्हणून. नातवंडं आज हे ऐकून लोळून लोळून हसतात. हसोत बापडी. मीच सांगते त्यांना. आपली फजिती आपण सांगितली की तिखटमीठ आपल्या हातात राहतं.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली, अमरावतीत मुलगा आणि सुनेसोबत राहत होते. घरात आम्ही तिघंच. मुलाची नोकरी अकोल्याला. सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची आणि संध्याकाळी पाठीला चिकटलेल्या शर्टात परत यायचं, हा त्याचा रोजचा जन्म. सूनही अकोल्याचीच. "तुह्या माहेरी रोज तोच जाते, तू घरीच राह्यतं," असा एक विनोद मी आल्यागेल्यासमोर करायची. तिला हसू यायचं नाही. मला वाटायचं, हिला विनोद कळत नाही.

कॉम्प्युटर तिचा होता. लग्नाआधी नोकरी करून तिने तो घेतला होता आणि लग्नात तिच्या कपाटाआधी तोच आमच्या घरी येऊन पोचला होता. त्यावर ती मराठी टायपिंगची कामं करायची. कामाला तोटा नव्हता. त्या वर्षांत अमरावतीत ज्याला पाहावं तो शेतकऱ्यांवर प्रबंध लिहीत होता. कापूस पिकवणारा कुठे चालला होता ते रोजच्या पेपरात येत होतं, आणि त्याच्यावर लिहिणारे डॉक्टर होऊन राहिले होते. सून खाली मान घालून ते सगळं टाइप करायची. मधेच कधी हात थांबायचे तिचे.

"काय झालं वं?" मी विचारायची.

"काही नाही जी. या पानावर लय नावं हायेत."

मग पुन्हा टकटक सुरू.

त्या उन्हाळ्यात ते मशीन बिघडलं. बिघडलं म्हणजे बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. बंद पडलेल्या वस्तूचं माणूस काहीतरी करतो. हे बंद पडायचं आणि आपलं आपणच पुन्हा उठायचं. चांगलं चालू आहे, पडद्यावर अक्षरं उमटत आहेत, आणि मधेच सगळं काळं. टुक् असा एक आवाज. मग काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं सरसर धावायची, आणि थोड्या वेळाने पडदा पुन्हा असा हसत उभा की जसं काही झालंच नाही. फक्त मधलं टाइप केलेलं गेलेलं असायचं. कधी दिवसभर नीट चालायचं, कधी एक परिच्छेद पुरा होईस्तोवर दोनदा बसायचं आणि दोनदा उठायचं. सुनेने प्रत्येक ओळीनंतर मजकूर साठवून ठेवायची सवय लावून घेतली. जेवताना भातावरसुद्धा तिची दोन बोटं तशीच दाबली जायची.

आधी आम्ही विजेला धरलं. भारनियमन होतंच, वीज जायची ती सगळ्यांचीच जायची, तिची वेळ तरी ठरलेली. पण हे मशीन पंखा, ट्यूबलाइट सगळं नीट चालू असताना बसायचं. सुनेने बोर्ड बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, व्हायरस आहे. मशीन दुकानात नेलं, सगळं पुसून कोरं केलं आणि आणून दिलं. "दुकानात त एकदाई बसलं नाही ताई," तो म्हणाला. त्याच्या दुकानात एसी होता. घरी आणल्यावर दुपारीच बसलं. पुन्हा बोलावला, तर त्याने आतली एक पट्टी काढून खोडरबराने घासली, परत बसवली आणि म्हणाला, आता पाहा. पाहिलं. संध्याकाळपर्यंत पाहिलं, मग बसलं. तिसऱ्यांदा त्याने फोनच उचलला नाही.

चांदूर बाजारच्या एका प्राध्यापकाचा प्रबंध तेव्हा तिच्याकडे होता. सोमवारी तो विद्यापीठात द्यायचा होता आणि तिने शब्द दिला होता. मुलगा थकून यायचा आणि रोज तेच रडगाणं ऐकायचा. एका संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाला, "विकून टाकू ना त्याले. अकोल्यात एक जण जुनं मशीन मागून राहिला. रविवारी गाडीत टाकून घेऊन जातो. तुमच्याही डोक्याचा ताप गेला, माह्याही."

सून पोळी लाटत राहिली. ती पोळी नकाशासारखी झाली, एवढं मी पाहिलं. मशीन गेलं म्हणजे तिचं काम गेलं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी इतकीही बावळट नव्हते. पण मी काय म्हणाले? मी म्हणाले, "दिवसभर सुरूच राह्यते ते. माणूसई तपते, मशीन नाही तपणार त काय?" म्हणजे चूक मशीनची नाही, वापरणारीची. असं थेट न बोलता बोलायची कला माझ्याकडे भरपूर होती. दुसरी कोणती कला नसल्यामुळे ती मी जपून ठेवली होती.

आता माझ्या स्वतःच्या उद्योगाकडे येते.

त्या वर्षी अधिक महिना येणार होता आणि मी लाख वातींचा नेम धरला होता. देवापुढे लाख वाती लावायच्या, त्याही स्वतः वळलेल्या. सुनेला दिवस जावेत म्हणून. तिला विचारलं होतं का? नाही. नवसाला सुनेची परवानगी लागते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कापूस परतवाड्याकडून भावाने जीपवर टाकून पाठवला, चांगलं गाठोडं भरून. शेवटच्या वेचणीचा, जरा कळकट. सोबत निरोप होता, "मार्केटले नेला त जीपचं भाडं निघत नाही. तुह्या देवाले तरी लागू दे." त्यावर मी फार विचार केला नाही. कापूस फुकट मिळाला याचाच आनंद.

तर रोज जेवणं झाली की मी ते गाठोडं घेऊन बसायची. सरकी काढायची, बोटांनी कापूस पिंजायचा, गुडघ्यावर वात वळायची. आणि बसायची कुठे? कूलर एकच, पुढच्या खोलीत. तिथेच सुनेचं टेबल. टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा, आणि डब्याला टेकून मी. त्याचा गुणगुणणारा आवाज मला आवडायचा. देवळात कोणी पोथी वाचत बसल्यासारखा. कूलरचा वारा आला की पिंजलेला कापूस उडायचा. माझ्या केसात, सुनेच्या केसात, चहात. "बर्फ पडून राह्यला," मी म्हणायची. सून कपातला तंतू बोटाने काढायची आणि चहा प्यायची.

मशीन जास्तच बसू-उठू लागलं तेव्हा मलाही वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून मी देवाला म्हटलं, हे बरं होऊ दे, याच्या नावाने हजार वाती वेगळ्या लावते. आणि त्या हजार वाती वळायला आणखी वेळ त्याच्याच शेजारी बसू लागले. माझी भक्ती वाढली तसा त्याचा आजार वाढला. आणखी हजार बोलले. कोणी माझ्याइतक्या श्रद्धेने एखाद्या मशीनचा गळा दाबला नसेल.

शुक्रवारी दुपारी सून जरा पडली होती. मी डब्याला हात लावून पाहिला तर तो तव्यासारखा. मग कूलरपुढे नेण्याचा तो प्रकार केला, कांदाही ठेवला. ती उठून आली, टेबल जागेवर नाही, कॉम्प्युटरच्या डोक्यावर कांदा. दारातच उभी राहिली.

"हे काय होय आई?"

"गरम झालं होतं वं. थंडा वारा लागू दे त्याले."

ती बसली. खरंच थोडा वेळ चाललं. मी विजयी मुद्रेने वाती वळू लागले. मग टुक्. पुन्हा उठलं, पुन्हा टुक्. पुन्हा. शेवटी नुसती पांढरी अक्षरं धावायची आणि पुरी व्हायच्या आत काळं व्हायचं. सून हात मांडीवर ठेवून बसून राहिली. चिडली असती तर मला भांडता आलं असतं. ती फक्त थकली होती. कूलरच्या ओलसर वाऱ्यात तिच्या कपाळावरचे केस चिकटले होते आणि त्यात कापसाचे दोन तंतू.

तिने ते तंतू काढले. बोटात धरून पाहत राहिली. मग एकदम खाली वाकली, डब्याच्या मागे हात घातला आणि बोटं बाहेर काढून पाहिली.

"आई, चाकू द्या बरं."

"चाकू काहून वं?" मी जरा दचकलेच.

"द्या ना जी."

स्वयंपाकघरातल्या चाकूच्या टोकाने तिने स्क्रू फिरवले, डब्याची एक बाजू काढून जमिनीवर ठेवली. आत काय आहे ते मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं होतं, आत काहीतरी फार हुशार दिसेल. आत एक लहानशी गादी होती. पंख्याभोवती, पंख्याखालच्या पत्र्याच्या फटीफटीत, सगळीकडे कापूस. धुळीने करडा झालेला, आणि कूलरच्या ओलीने दाबून घोंगडीसारखा घट्ट बसलेला. मशीनला श्वास घ्यायला जागाच नव्हती. ते तापायचं, तापून बसायचं, जरा निवलं की उठायचं. दुसरं करणार तरी काय होतं ते?

सुनेने केसातली पिन काढली आणि हळूहळू एकेक पापुद्रा ओढून काढू लागली. एक चांगली लांब वळी निघाली, अगदी वळलेल्या वातीसारखी. खोटं सांगत नाही, क्षणभर माझ्या मनात आलं, हीसुद्धा लाखात धरावी का?

"इतका कापूस आत गेला कसा काय?" मी विचारलं. आवाजात शक्य तेवढा भोळेपणा आणून.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मांडीवरच्या कापसाकडे पाहिलं. दातांच्या जुन्या ब्रशने पंख्याची पाती घासत राहिली.

झाकण न लावताच तिने मशीन सुरू केलं. आतला पंखा इतक्या मोकळ्या आवाजात फिरला की इतके दिवस आपण ऐकत होतो ती पोथी नव्हती, कण्हणं होतं, हे माझ्यासारखीलाही कळलं. मी गाठोडं उचललं आणि मागच्या ओसरीत जाऊन बसले. तिथे ऊन होतं, माश्या होत्या. बरंच झालं. ती टाइप करत राहिली. शुक्रवारची संध्याकाळ, शनिवारचा सगळा दिवस. मशीन एकदाही बसलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मुलगा आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "उद्या सकाळच्या गाडीनं नेतो ते. त्या माणसाले सांगून ठेवलं."

सुनेचे हात कीबोर्डवर थांबले. तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. बोलायचं असतं तर तिच्याकडे पुरावा होता. तो कापूस तिने टाकला नव्हता, कागदात गुंडाळून टेबलावरच ठेवला होता. पण ती बोलणार नव्हती. सासूचं नाव तिला नवऱ्यापुढे घ्यायचं नव्हतं, आणि त्याची किंमत म्हणून मशीन जात असेल तर ती जाऊ देणार होती. तिच्या पाठीवरून मला ते कळलं.

मी ओसरीतून उठून आले, तो कागद उचलला आणि मुलाच्या हातात दिला. "पाह्य बाबू. हे तुह्या मायनं त्या मशीनच्या नाकात कोंबलं. म्हणून ते बसत होतं. बायकोचा काही दोष नाही तुह्या."

त्याने कागद उघडला. "हे काय आहे?"

"लाखातल्या हायेत, उरलेल्या," मी म्हणाले.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. कांद्याचंही मीच सांगितलं. आता एवढं सांगितलंच आहे तर राहिलं कशाला! हसून झाल्यावर त्याने अकोल्याच्या त्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि लवकर झोपून गेला. आठवडाभर बडनेरा-अकोला करून तो थकला होता, त्याच्या डोक्यात मशीन तेवढंच होतं.

मी मात्र फुगून बसले होते. आपण केवढं मोठं मन दाखवलं, सुनेसाठी स्वतःची फजिती मुलापुढे मांडली! सून स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. मी उगाचच तिथे घुटमळत राहिले; ती काहीतरी म्हणेल, डोळ्यांत पाणी वगैरे आणेल, या आशेने.

तिने फडकं पिळलं, नळावर वाळत घातलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, कापूस तुमचा होता हे तुमी त्यायले सांगतलं, बरं केलं. पण विकू नोको, एवढं त तुमाले त्यायनं विकाचं काढलं त्याच दिवशी म्हणता येत होतं ना? तेवढ्यासाठी कापूस काहून सापडावा लागला?"