मिस्त्रींचं माप

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात मोजायची टेप हातात धरली नाही. हात वर करायचा, बोटं टेकतील तिथे पेन्सिलीने खूण करायची, की झालं माप. हात अर्थात स्वतःचा. आणि मिस्त्री म्हणजे ताडमाड माणूस, दारातून जाताना मान वाकवणारा. त्यामुळे त्यांच्या घरातलं प्रत्येक फडताळ, खुंटी, खिडकीची कडी, सगळं त्यांच्या हाताशी. त्यांची बायको त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती, पण ते माप घ्यायचं कुणाला सुचणार? तिच्यासाठी घरात एक स्टूल होतं. साखर हवी, आणा स्टूल. खिडकी लावायची, आणा स्टूल. पाहुणे म्हणायचे, काय सुबक काम आहे हो! आणि मिस्त्री मिशीत हसायचे. पाहुण्यांचं काय जातंय? त्यांना त्या फडताळातून पातेलं काढायचं नव्हतं.

बायको बसवर कंडक्टर होती. सगळी गल्ली तिला कंडक्टरबाईच म्हणायची. नोकरीला लागली तेव्हा बसमधली घंटेची दोरी तिच्या हाताला येत नव्हती. तिने डेपोतल्या मेकॅनिकला सांगितलं, त्याने दुपारच्या चहाआधी दोरी वीतभर लांब करून दिली. ना तो नात्याचा ना गोत्याचा. हे आठवलं की पुढेही बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दोघं निवृत्त झाली आणि बाईंनी एक जुनी शिडाची बोट घ्यायला लावली. हो, बाईंनीच. जन्मभर एकाच रस्त्याने शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं, या प्रकाराला त्या विटल्या होत्या. आता एका बंदरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, असं लांब लांब जायचं होतं. लेक म्हणाली, "आई, या वयात?" बाई म्हणाल्या, "मग कोणत्या वयात? तुझ्या शाळेच्या वेळी जायला हवं होतं का?"

बोटी दुरुस्त करायच्या आवारात बोट लाकडी टेकूंवर उभी होती. बाईंनी तळाचा जुना रंग खरवडला, नाकातोंडात भुकटी जाईपर्यंत. फाटकी शिडं शिवली. बोट चालवायचा वर्ग केला आणि त्यात मिस्त्रींपेक्षा चांगल्या पास झाल्या, ज्याबद्दल घरात कुणी फार बोललं नाही. आतलं सुतारकाम मिस्त्रींचं. ते संपल्यावर बाई आत गेल्या आणि दारातच थांबल्या. दिव्यांची बटणं छताजवळ. बिनतारी संदेशाचं यंत्र त्याच्याही वर. शीड ओढायची दोरी अडकवायला खुंटी केलेली, ती बाईंच्या डोक्यावर हातभर. आणि कोपऱ्यात, नवंकोरं, व्हॉर्निश मारलेलं स्टूल.

"अहो, हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"तुझ्यासाठी केलं. सागवानी आहे."

"समुद्रावर स्टूल? बोट हलते, माहीत आहे ना तुम्हाला? तुम्ही झोपलेले असताना मी एकटी जागी असणार. तेव्हा मी काय करायचं?"

"मला उठव. मी आहे ना."

मी आहे ना! काय लाडकं वाक्य आहे. फडताळापाशी मी आहे ना, खिडकीपाशी मी आहे ना, आणि हाक मारली की हा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात गप्पा छाटतोय. बाई मागे वळून बाहेर आल्या. भांडून हात टेकले होते त्यांनी.

बोट पाण्यात उतरली. पहिल्याच खेपेला बंदराबाहेर थोडं जाऊन त्यांनी नांगर टाकला. वारा मंद, पाणी बऱ्यापैकी शांत. मिस्त्री कडेवरून वाकून स्वतःचंच व्हॉर्निश न्याहाळत होते. पाय सटकला आणि गेले पाण्यात. तरंगायचं जाकीट होतं अंगात, वर आले, हसलेसुद्धा.

"शिडी सोड गं," त्यांनी सांगितलं.

शिडी मिस्त्रींनीच केलेली. घडीची, सुरेख, बोटीच्या मागच्या टोकाला असलेल्या लोखंडी कमानीवर आकड्याला टांगलेली. बाईंनी हात वर केला. टाचा उचलल्या. बोटं शिडीच्या खाली वीतभर हवेतच राहिली. तेव्हा दोघांच्याही एकदम लक्षात आलं. ही शिडी खाली काढू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो पाण्यात होता.

बाईंनी स्टूल आणलं. चढल्या. एक लाट आली, साधीच, आणि स्टूल एकीकडे, बाई दुसरीकडे. गुडघा फुटला. पाणी गार होतं. मिस्त्रींचं हसणं थांबलं होतं, ओठ निळे पडायला लागले होते, बाईंनी टाकलेली दोरी धरून ते नुसते लोंबकळत होते. त्यांना वर ओढण्याचं बळ बाईंच्या अंगात नव्हतं. बाईंना भीती वाटली, फार वाटली. आणि भीतीपेक्षा जास्त संताप आला. नवरा जाणार, तोही त्याच्या त्या मेल्या मापापायी?

त्यांनी बोट धक्क्याला ओढायची लांब काठी उचलली आणि शिडीला खालून घाव घालायला लागल्या. एकेका घावाला एकेक फडताळ आठवत असावं. व्हॉर्निश उडालं, लाकूड फुटलं, शेवटी आकडाच वाकला आणि शिडी धाडकन उलगडून पाण्यात आली; वरचं टोक बिजागरीने कमानीलाच धरलेलं होतं. मिस्त्री कसेबसे वर चढले.

घोंगडीत गुंडाळून ते बराच वेळ कुडकुडत बसले. मग म्हणाले, "इतकी वर्षं घरात बोलली का नाहीस?"

"बोलले होते," बाई म्हणाल्या. "लग्न होऊन आले त्याच आठवड्यात. तुम्ही स्टूल करून दिलंत."

बाईंनी नांगर उचलला आणि बोट त्यांनीच बंदरात आणली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पेन्सिल कानावर खोचून आले. कमानीपाशी उभे राहून खालच्या आवाजात म्हणाले, "हात वर कर."

बाईंनी केला. मिस्त्रींनी बघितलं, मान हलवली. "जरा ताण की. टाचा उचल थोड्या."

"नाही उचलणार," बाई म्हणाल्या. "इथे कर खूण."

लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याला अरेतुरे केलं होतं. मिस्त्री वाकले आणि त्यांनी तिथेच खूण केली.