आधी दहीभात

सरकारी ऑफिसात जायचं असलं की रत्नक्का आधी दहीभात खायच्या. ऑफिस पुढच्या गल्लीत असो की बस बदलून जावं लागो, पातेलीत भात कालवायचा, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी टाकायची आणि शांतपणे खाऊन मगच चपला घालायच्या. "रिकाम्या पोटाचं माणूस खिडकीपुढं एकतर भांडतंय, नाहीतर रडतंय," त्या म्हणायच्या. "दोन्हीनं काम होत नाही."

रत्नक्का आमच्या घरमालकीण. इकडं कानडी मुलखात, राजाजीनगरात, त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायला आलो. श्रावणीचे बाबा सोनं-चांदी गाळायच्या दुकानात भट्टीवर काम करतात. आमच्या सांगली भागातली पुष्कळ माणसं या गलाईच्या धंद्यात परमुलखात असतात. ते आधी आले होते. मी मुलीला घेऊन मागाहून आले.

इथं कोणाचंच बोलणं कळणार नाही, या धास्तीत मी आले होते. पहिल्याच दिवशी दारात नाकाच्या दोन्ही बाजूंना चमकी घातलेली एक उंच बाई उभी. म्हणाली, "ये गे, बस. स्वल्प पाणी पी." त्याच रत्नक्का. त्यांच्या घरात मराठीच बोलतात, फक्त तिच्यात कानडी मिसळलेली. तुम्ही लोक इकडं कधी आलात, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "घोड्यावरनं आलो म्हणतात. तेव्हा कोणी पत्त्याचा पुरावा मागितला नव्हता."

हे त्या बोलल्या त्याला कारण होतं. श्रावणीला पाचवीत घालायचं होतं. जवळच्या शाळेनं जागा ठेवली, पण शाळा उघडायच्या आत आईच्या किंवा बापाच्या आधार कार्डावर इथला पत्ता दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं सांगितलं. मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. आमच्या गावात पाचवी नव्हती आणि दुसऱ्या गावाला मला कोणी पाठवलं नाही. श्रावणीचीही पाचवी अशीच अडते की काय, या विचारानं मला घास जाईना.

आमच्या गलाईवाल्या माणसांत पत्ता कोणी बदलत नाही. वर्षानुवर्षं बाहेर राहतात, पण कार्ड गावचं, मत गावचं. श्रावणीचे बाबा तेच म्हणाले, की म्हातारपणी आपल्याला गावीच जायचंय, मग कशाला? रत्नक्का धुणं वाळत घालत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "म्हातारपण येईल तेव्हा बघू. पोरीला आत्ता शाळेत जायचंय."

भाड्याचा करारनामा त्यांनी माझ्या नावानं करून घेतला. भट्टी सोडून नवऱ्याला उठता येत नाही, दिवसभर घरात राहणार ती बाईच, मग नाव तिचंच, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पत्ता बदलायलाही मलाच जावं लागणार होतं. मी त्यांच्या मागं लागले, तुम्ही सोबत चला. आल्या. आधी मला दहीभात खायला लावला. आधार केंद्रात गेल्यावर मात्र बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथं आहे. बोलायचं तू."

खिडकीतल्या मुलीनं कानडीत काही विचारलं, मग हिंदीत विचारलं. मी हातातला करारनामा नुसताच उलटसुलट केला. मागं वळून पाहिलं तर रत्नक्का वरच्या पंख्याकडं बघत बसलेल्या. मुलीनं मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

वाटेत मी त्यांच्या चार पावलं पुढं चालले. घराच्या फाटकाशी आल्यावर राहवलं नाही. म्हटलं, तुम्ही एक शब्द टाकला असता तर आज काम झालं असतं.

"झालं असतं," त्या म्हणाल्या. "आणि उद्या पोरीची मास्तरीण बोलावील तेव्हा? दवाखान्यात? मी कुठं कुठं पुरणार गे तुला?"

संध्याकाळी त्यांनी मला अंगणात उभं केलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या खिडकीत आत बसल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "एन बेकु?" काय पाहिजे? मी म्हणायचं, अड्रस चेंज माडबेकु, म्हणजे पत्ता बदलायचाय. मी तोंड उघडलं की त्या "लंच टाइम" म्हणून खिडकी लावून घ्यायच्या. पुन्हा उघडली की "सर्व्हर डाऊन." श्रावणी पायरीवर बसून पोट धरून हसत होती. शेवटी मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच ते वाक्य धड बाहेर पडलं.

दुसऱ्या खेपेला मी ते खिडकीपुढं म्हटलं. आवाज बारीक होता, पण मुलीला ऐकू गेला. तिनं करारनामा पाहिला, मशीनवर बोटं ठेवायला सांगितली, पावती दिली. मी वळले. रत्नक्का अजून पंख्याकडंच बघत होत्या. "आवाज करतंय हे," म्हणाल्या आणि उठल्या. येताना कोपऱ्यावर मोगऱ्याचा गजरा घेऊन त्यांनी माझ्या केसांत माळला.

शाळा उघडायच्या आत नव्या पत्त्याचं कार्ड आलं. श्रावणी पाचवीत बसली. पुढं गॅसचं, दवाखान्याचं, शाळेच्या मीटिंगचं, सगळं मी एकटीनं केलं. निघताना रत्नक्कांच्या खिडकीतून फक्त एवढंच यायचं, "खाल्लीस का?"

मग त्यांच्या मुलानं त्यांना व्हाइटफील्डला आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. आईचा पत्ताही बदलून टाकतो म्हणाला. रत्नक्कांनी साफ नाही म्हटलं. "राहते तुझ्याकडं. पत्ता इथला असू दे." श्रावणीचे बाबा हसून म्हणाले, अक्काही शेवटी आमच्यासारख्याच निघाल्या. मतदानाला त्या मेट्रोनं यायच्या. तेव्हा दहीभात मी कालवायची आणि त्या फोडणीला नावं ठेवून दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या.

गेल्या थंडीत त्या तिकडंच गेल्या. झोपेतच गेल्या.

परवा मतदारयादी तपासणाऱ्या बाई दारात आल्या. कागदावर बोट ठेवून त्यांनी रत्नक्कांचं नाव वाचलं आणि आहेत का म्हणून विचारलं. हल्ली मी कुठल्याही खिडकीपुढं बोलते. पण त्या दिवशी पहिल्या खेपेसारखंच मी मागं वळून पाहिलं. बाईंनी पुन्हा विचारलं. मी त्यांना थोडं बसा म्हटलं, ताक दिलं आणि आत गेले. सकाळचा भात होता. दह्यात कालवून उभ्या उभ्या दोन घास खाल्ले. मग बाहेर येऊन, अक्का आता नाहीत, हे त्यांना कानडीत सांगितलं. रडले नाही.

त्यांनी लिहून घेतलं आणि तुम्ही त्यांच्या कोण, असं विचारलं. हा प्रश्न अक्कांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सराव घेताना कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, याच पत्त्यावरची.